रविवार मालनबाईंचा

पाठ टेकायला एक भिंत मिळाली की मला आणखी काही लागत नाही, मित्रांनो. मी जुना लाकडी फळा आहे. औंढा नागनाथच्या रस्त्यावरच्या एका लहान गावात, शाळेच्या अडगळीच्या खोलीत माझा मुक्काम असतो. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे आणि अंगाला दोन भेगा आहेत. तरी माझी काही कुरकुर नाही. माझ्यावर एकदा एक ओळ अशी लिहिली गेली, की तिच्या आठवणीवर मी आणखी वीस वर्षे आरामात काढीन.

मला जळबा सुतारांनी घडवले. पडलेल्या आंब्याच्या तीन फळ्या जोडून त्यांनी माझा देह केला. दर जूनमध्ये मुले कोळशाची पूड वालाच्या पानांच्या रसात कालवून माझ्या अंगाला चोळत. मग मी हळद लागलेल्या नवरदेवाच्या तोऱ्यात चार दिवस मिरवत असे. माझी हळद तेवढी काळी.

पाढे, बाराखड्या, सुविचार मी पुष्कळ पाहिले. इंग्रजी मात्र माझ्या वाट्याला थोडेच आले. आमचे मुख्याध्यापक मुंजाजी गुरुजी गणितात वाघ होते, पण इंग्रजीचा तास आला की त्यांना हटकून खोकला येई. सातवी झालेल्या मुलांना औंढ्याच्या हायस्कुलात इंग्रजीच रडवत असे. त्यातली निम्मी दिवाळीच्या आत घरी परत येत.

अशात १९७४ साली, दसरा झाल्यावर, डोरीनबाई आल्या. त्या कॅनडाच्या. तिकडची एक संस्था तरुण मुलामुलींना परदेशातल्या शाळांत बिनपगारी इंग्रजी शिकवायला धाडत असे. हिंगोलीहून आलेल्या एसटीतून बाई उतरल्या तेव्हा त्यांचे नाक उन्हाने टोमॅटोसारखे झाले होते. सगळे गाव ते नाक बघायला शाळेत आले.

पहिला पेच पडला तो जेवणाचा. शाळेमागच्या खोलीत बाईंनी स्टोव्हवर केलेली खिचडी कुत्र्याने हुंगली आणि तो निघून गेला. तेव्हा गावाने ठरवले, बाईंचे वार लावू. म्हणजे रोज एका घरी जेवण. बहात्तरच्या दुष्काळात मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरीवर दिवस काढलेल्या गावाला पाहुणीच्या ताटात पांढरी ज्वारीची भाकरी वाढायची भारी हौस होती. सोमवार किसनराव पाटलांनी मागून घेतला. मंगळवार सखुबाईंचा. असे शनिवारपर्यंत सहा वार सहा घरांत गेले आणि गुरुजींनी माझ्या उजव्या कोपऱ्यात लाल खडूने यादी लिहिली. दुपारी त्या त्या घरचे लेकरू बाईंना बोलवायला उभे राही. रविवार रिकामा होता. त्या दिवशी बाई शेंगदाणे आणि गुळावर भागवत.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. समोर जे असेल त्याचेच इंग्रजी. दार, चप्पल, बकरी, काही सुटत नसे. मुले त्यांना बदल्यात मराठी शिकवत. त्यामुळे बाई महिन्याभरात "मी जेवून राहिले" असे ठसक्यात म्हणू लागल्या आणि गुरुजी तोंडावर उपरणे धरून हसू लागले.

एके दिवशी बाईंनी माझ्या कोपऱ्यातली यादीच धड्याला घेतली. बाई कोणत्या वारी कोणाच्या घरी जेवतात, ते एकेकाने इंग्रजीत सांगायचे. मुले ताठ उभी राहून सांगू लागली. कोणी "माय हाऊस" म्हणताना छातीला हात लावी. मग पाळी आली चांगुणाची.

चांगुणा सातवीत होती. बौद्धवाड्यातल्या मालनबाईंची ही एकुलती एक लेक. मालनबाई रोजाने शेतात जात आणि लेकीने हायस्कुलात टिकावे एवढा एकच ध्यास त्यांना होता. इंग्रजीत चांगुणा सगळ्यांच्या पुढे. ती उठली, तिने यादीकडे बघितले आणि ती शांतपणे म्हणाली, "माय हाऊस हॅज नो डे."

माझ्या घराला वार नाही. वाक्यात एकही चूक नव्हती. बाई शाबासकी द्यायला पुढे झाल्या आणि मध्येच थांबल्या. मी त्यांच्या पाठीमागेच होतो. त्यांची मान लाल झालेली मला दिसली. मला स्वतःची लाज वाटली, मित्रांनो. ती यादी इतके दिवस मी दिमाखाने अंगावर वागवत होतो.

शाळा सुटल्यावर बाईंनी गुरुजींना कारण विचारले. गुरुजी म्हणाले, गरीब माणसे, त्यांना कशाला तकलीफ. पण हे बोलताना ते बाईंकडे बघत नव्हते. दप्तर आवरणाऱ्या चांगुणाने ते ऐकले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच मालनबाई दारात आल्या. कामावर निघाल्या होत्या, हातात विळा होता.

"गुर्जी, आमाला कायची तकलीफ? रविवार रिकामा हाय न्हवं? रविवार आमचा लिवा."

गुरुजी खडू हातात घेऊन उभे राहिले. त्यांना काय भीती होती ते मला ठाऊक होते. रविवारी बाई बौद्धवाड्यात जेवल्या तर सोमवारी पाटलांचे दार बंद होईल, मग मंगळवारचे. बाई उपाशी किती दिवस राहणार? त्या निघून गेल्या तर मुलांचे इंग्रजी बुडेल आणि गाव त्याचे खापर चांगुणाच्या डोक्यावर फोडेल. गुरुजींचा हात हलेना. मालनबाईही हलल्या नाहीत. शेवटी गुरुजींनी लाल खडूने लिहिले, "रविवार – मालनबाई". आणि म्हणाले, "मी बी येतो बाईसंगं."

तीच ती ओळ. जळबांच्या रंध्यानंतर माझ्या अंगावरून इतकी चांगली गोष्ट दुसरी फिरली नाही.

सोमवारी चांगुणाने सगळ्या वर्गाला इंग्रजीत जेवण सांगितले. पिठले, भाकरी, ठेचा, आणि ठेच्याने बाईंच्या डोळ्यांना आलेले पाणी. वर्ग हसला. पण दुपारी पाटलांकडून बोलावणे आले नाही. बाईंनी शेंगदाणे खाल्ले आणि तास घेतला. पुढच्या सोमवारीही तेच झाले. सखुबाईंच्या घरातही चलबिचल सुरू झाली. कोणीतरी येऊन गुरुजींना सांगून गेले की ती ओळ पुसा, सगळे बराबर होईल. गुरुजींनी फडके उचलले. त्यांनी फडक्याने कालची गणिते पुसली आणि ते खाली ठेवले.

तिसऱ्या सोमवारी दारात लेकरू नाही, तर पाटलांच्या पत्नी गोजरबाई स्वतः उभ्या होत्या. धापा टाकत होत्या.

"माझा वार दोनदा उपाशी गेला. घरात काय व्हायचं ते होऊ द्या. चला बाई, ताट वाढलंय."

त्यानंतर कोणाचाच वार चुकला नाही. किसनराव मात्र बाई जेवत असताना ओसरीवर पाठ करून बसत, असे मुले सांगत.

चांगुणा पुढच्या जूनमध्ये औंढ्याच्या हायस्कुलात गेली आणि दिवाळी उलटली तरी घरी परतली नाही. बाई एकूण दीड वर्ष राहिल्या. एप्रिलमधल्या एका सोमवारी त्यांची गाडी होती, म्हणजे शेवटचे जेवण रविवारी. निरोपाचे जेवण आपल्याच घरी व्हावे असे किसनरावांना फार वाटत होते. शनिवारी मालनबाई बाईंना सांगायला शाळेत आल्या, तेव्हा ते तिथे येऊन म्हणाले, "मालनबाई, उद्याचा वार मला दे."

मालनबाई म्हणाल्या, "वार देत न्हाई, पाटील. पण तुमी या जेवायला. पंगत मोठी करून राहिले."

रविवारी शेवटचा धडा मालनबाईंच्या अंगणातच घ्यायचा ठरला आणि मुलांनी मला उचलून तिकडे नेले. जन्मात पहिल्यांदा मी शाळेबाहेर पडलो. मला कुडाच्या भिंतीला टेकवले होते, त्यामुळे पंगत मला पूर्ण दिसत होती. बाई, गुरुजी, मुले, सखुबाई, आणि पदर खोचून बसलेल्या गोजरबाई. किसनराव उशिरा आले. कुंपणाबाहेरूनच म्हणाले की आपण जेवून आलो आहोत. चांगुणाने गोजरबाईंच्या शेजारी एक ताट मांडले, त्यात भाकरी वाढली आणि ती दुसऱ्या कामाला लागली. किसनराव बराच वेळ त्या ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी जोडा काढला, आत येऊन बसले आणि मान खाली घालून जेवू लागले. थोड्या वेळाने त्यांनी हलक्या आवाजात दुसरी भाकरी मागितली. मालनबाईंनी ती तव्यावरून थेट आणून वाढली.

आता सिमेंटच्या भिंतीवर नवा फळा आहे आणि मला कोणी कोळसा चोळत नाही. त्याबद्दल माझे काही मागणे नाही. मित्रांनो, एवढेच करा. जेवणाची असो, खेळाची असो, तुम्ही एखादी यादी लिहिलीत की ती वर्गात मोठ्याने वाचा आणि कोण गप्प बसले आहे ते बघा. त्याचे नाव लिहा, आणि त्याच्या घरी जेवायला जा.