आप्पासाहेबांच्या पलंगावरून गुरुजींच्या उशाशी

मित्रांनो, मी एक जुनी श्वासाची मशीन आहे. डॉक्टर मला सीपॅप म्हणतात. माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे, बाजूला पाण्याची डबी आहे आणि पुढे लांब नळी आहे. नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क असतो. काही माणसांचा घसा झोपेत आतून मिटतो आणि श्वास अडतो. अशा माणसांच्या नाकातून मी रात्रभर हलक्या दाबानं हवा सोडते. घसा उघडा राहतो आणि माणूस झोपतो. एवढंच माझं काम आहे. लहान मुलं मला पाहून आधी घाबरतात आणि मग तीच नळी सोंडेसारखी स्वतःला लावून बघायला मागतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर आले ती एकदम या शहरात. तेव्हा इथल्या पाट्यांवर औरंगाबाद लिहिलेलं होतं. गुलमंडीवर कापडाचं दुकान असलेले आप्पासाहेब हे माझे पहिले मालक. गिऱ्हाईक समोर असताना ते गादीवर बसल्या बसल्या घोरू लागत. एकदा कापड मोजता मोजता हातात कात्री धरूनच झोपले, तेव्हा त्यांच्या मुलानं, इंद्रजीतनं, त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. सुरुवातीला आप्पासाहेबांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे मात्र बहिणीकडे पाचोडला जाताना ते चष्मा विसरत, पण मला विसरत नसत. चारचौघांत माझं कौतुक करत. कौतुकाची सवय लागते, खोटं कशाला बोलू.

मग ते पोटाच्या दुखण्यानं दवाखान्यात गेले. मला घरीच ठेवलं होतं. ते परत आले नाहीत.

आता एक रीत सांगते. माणूस गेला की तेराव्याला शय्यादान करतात. पलंग, गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला, तांब्या असं सगळं मांडून गुरुजींना देतात. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर ते उपयोगी पडतं, अशी समजूत आहे. इंद्रजीतनं नवा पलंग आणून सगळं मांडलं आणि मग आत जाऊन मला घेऊन आला. वायर नीट गुंडाळून त्यानं मला उशीशेजारी ठेवलं. पाहुण्यांत खसखस पिकली. वर लाइट असते का, असंही कुणीतरी हळूच विचारलं. इंद्रजीतचे डोळे मात्र भरले होते. आप्पांना हिच्याशिवाय साधी डुलकी लागत नव्हती, तिथं ते झोपणार कसे, असं तो म्हणाला.

दान घ्यायला श्रीधर गुरुजी बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी मला हात लावला आणि इंद्रजीतला म्हणाले, "घेणाऱ्यानं वापरलं की गेलेल्याला पोहोचतं. काळजी करू नका." हे वाक्य ते प्रत्येक घरी म्हणत. ऐकणाऱ्याला त्यानं बरं वाटे.

वापरायचं काही त्यांच्या मनात नव्हतं. गुरुजींचं घर हर्सूलच्या पुढे, फुलंब्रीच्या रस्त्याला होतं. घरात ते आणि त्यांची बायको भानुमती, अशी दोनच माणसं. भानुमतीबाईंचा एक नियम होता. शय्यादानाची वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. तिची जागा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. तिथून गरजू माणसं एकेक वस्तू घेऊन जात. माझ्याबरोबर आलेला पलंग शेजारच्या नव्या इमारतीच्या रखवालदारानं नेला, गादी त्याच्या भावानं नेली. श्वासाची मशीन मागायला कोण येणार? मी तिथेच राहिले. आजूबाजूला गेलेल्या माणसांच्या छत्र्या आणि चपला होत्या. त्या खोलीत मी पावसाळा काढला, असंही म्हणवत नाही, कारण त्या वर्षी पाऊस आलाच नाही.

त्या खोलीची एक भिंत गुरुजींच्या झोपण्याच्या खोलीला लागून होती. त्यांचं घोरणं मला स्पष्ट ऐकू येई. मित्रांनो, दुसरं काही मला कळत नसेल, पण तो आवाज मी ओळखते. घोरणं चढत जाई आणि एकदम थांबे. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग बुडणारा माणूस पाण्यावर येऊन हवा ओढतो तसा मोठा आचका, आणि पुन्हा घोरणं सुरू. त्यांचा श्वास रोज झोपेत थांबत होता, आणि हा आजार आहे हे त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. ज्यावर माझा इलाज, तेच दुखणं भिंतीपलीकडे, आणि मी वायर गुंडाळून गप्प. वाईट वाटलं, पण मशीनला आवाज फक्त हवेचा असतो.

दिवसा गुरुजी पेंगत. सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायात त्यांची मान खाली जाई. यजमान म्हणत, वय झालं. कुणी म्हणे, जेवण जड झालं. गुरुजी स्वतः हसण्यावारी नेत.

श्रावण आला तरी आभाळ कोरडंच होतं. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, खेड्यात तेही नाही. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका गावानं महादेवाचा गाभारा भरायचं ठरवलं. पाऊस लांबला की पिंड बुडेपर्यंत गाभाऱ्यात पाणी भरतात आणि गुरुजी त्या पाण्यात बसून रुद्र म्हणतात. टँकर आला तेव्हा बायका हंडे घेऊन धावल्या. देवळाचा कारभार कडूबा पाहायचे. त्यांनी अर्धं पाणी हंड्यांना आणि अर्धं महादेवाला, असा निवाडा केला. श्रीधर गुरुजी छातीपर्यंत पाण्यात बसले आणि त्यांनी आवाज लावला.

पुढचं मी नंतर घरात ऐकलं, तसं सांगते. बाहेर रणरणतं ऊन, आत गार पाणी आणि अंगात वर्षानुवर्षांची साठलेली झोप. म्हणता म्हणता गुरुजींचा आवाज बारीक झाला आणि बंद पडला. मान पुढे गेली, नाक पाण्याला टेकलं, मग तोंडही बुडालं. बाहेर बसलेल्यांपैकी कुणी उठलं नाही. समाधी लागली, असं कुणीतरी कुजबुजलं आणि सगळ्यांनी हात जोडले. एका म्हातारीनं तर जागच्या जागी डोकं टेकलं. गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय जायचं नाही, त्यात समाधी मोडायची नाही, म्हणून माणसं भक्तिभावानं बघत राहिली. कडूबा मात्र उंबऱ्यापाशी वाकून बघत होते.

"समाधीतला माणूस बुडबुडे काढत नाय," असं म्हणून ते कपड्यांसकट पाण्यात शिरले आणि त्यांनी गुरुजींना काखेत धरून बाहेर ओढलं.

गुरुजी वाचले. पण त्यांची गोष्ट त्यांच्या आधी शहरात पोहोचली. गुरुजी झोपले म्हणून अनुष्ठान भंगलं आणि आलेला पाऊस परत गेला, असं लोक म्हणू लागले. आलेला पाऊस कुणी पाहिला होता ते मला माहीत नाही. ठरलेली कामं दुसऱ्या गुरुजींकडे जाऊ लागली. हसण्यावारी नेण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी भानुमतीबाईंना विचारलं, की हे घोरताना मध्येच थांबतात का.

"थांबतात," त्या म्हणाल्या. "मी हात लावून हलवते. मग घेतात श्वास."

कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. लग्नापासूनच म्हणा ना, असं त्यांनी सांगितलं. त्यांना वाटे, एकेकाची झोपायची तऱ्हा असते. डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि घशाला रात्रभर हवेचा आधार लागेल, नाहीतर आज पाण्यानं झालं ते उद्या पाण्याशिवायही होईल, असं स्पष्ट सांगितलं.

घरी आल्यावर भानुमतीबाई थेट मागच्या खोलीत आल्या. त्यांनी छत्र्या बाजूला केल्या, मला उचललं, पदरानं पुसलं आणि स्वतःचाच नियम मोडून उंबऱ्याच्या आत नेलं. मास्क आणि नळी नवीन आणली, कारण एकाची दुसऱ्यानं वापरू नये. डॉक्टरांनी माझा दाब गुरुजींच्या मापानं लावून दिला.

गुरुजी ऐकायला तयार नव्हते. ही सोंड लावून झोपणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वर, शय्येवरची वस्तू अंगाला लावायची नसते, असा शास्त्राचा आधारही काढला. भानुमतीबाई नवऱ्याशी वाद घालणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र माझी वायर भिंतीत खोचत म्हणाल्या, "घेणाऱ्यानं वापरलं तरच पोहोचतं, हे तुम्ही किती घरांत सांगितलंत? मग आप्पासाहेब अजून जागेच असतील बिचारे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे करून मास्क मागितला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्या रात्री त्यांनी मला झोपेतच ओढून फेकलं. पट्टा शेंडीच्या गाठीवर बसेना, मिशीतून हवा निसटे, पोटात वारा धरे, सकाळी नाक कोरडं पडे. गुरुजी चिडत. डॉक्टरांनी दिवसाही थोडा वेळ जागेपणी लावायला सांगितलं. म्हणून दुपारी ते मास्क लावून मनातल्या मनात जप करू लागले. इथे एक निराळीच अडचण आली. गुरुजी प्राणायामातले जाणकार. ते माझ्या हवेवरही ताबा ठेवायला बघत. श्वास मोजून घेत, धरून ठेवत, आणि आमची झटापट होई. श्वास धरण्यात हयात गेलेल्या माणसाला तो नुसता सोडून द्यायला शिकावं लागलं. त्याला वेळ लागला. एके दुपारी त्यांचा जप अर्ध्यात सुटला. मध्ये कुठेही न अडता ते संथपणे झोपले. माझा पंखा आपल्या गतीनं फिरत राहिला.

माझी निगा भानुमतीबाईंनी ठेवली. बोअरच्या पाण्यानं माझ्या डबीत पांढरे थर धरत. म्हणून प्यायच्या पाण्यातलं भांडंभर पाणी त्या उकळून, गार करून माझ्यासाठी वेगळं ठेवत. पाण्याचे ते दिवस लक्षात घेतले, तर हा मान थोडा नव्हता. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, चहूकडे इमारती चढत होत्या, आणि त्या धुळीनं माझा फिल्टर काळा पडे. तो त्या न सांगता बदलत. नवऱ्याच्या उशाशी ही सवत बरी आणून ठेवलीस, असं शेजारणी चिडवत. त्या हसून सोडून देत.

पुढच्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. कडूबा घरी आले. गाभारा पुन्हा भरायचा होता. याच गुरुजींना बोलवायचं की नाही, यावरून गावात दोन तट पडले होते, पण अर्धं राहिलेलं काम ज्याचं त्यानंच पुरं करावं, असं कडूबांचं म्हणणं होतं. गुरुजींनी भानुमतीबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी येते. दारात बसेन. आवाज थांबला की आत येईन, मग सोवळं नाही बघणार."

हेही मी घरात ऐकलेलंच सांगते. त्या खरोखरच गाभाऱ्याच्या दाराशी खांबाला टेकून बसल्या. त्यांचे डोळे गुरुजींवरून हलत नव्हते. साऱ्या गावाचेही डोळे तिथेच होते. गुरुजींनी आवाज लावला. रुद्राचं एक आवर्तन झालं, दुसरं झालं. आवाज खणखणीत होता, आणि तो अडत नव्हता. थोड्या वेळानं लोकांच्या लक्षात आलं, की गुरुजी जागे आहेत, पण खांबाला टेकलेल्या भानुमतीबाई झोपल्या आहेत. गाढ, तोंड किंचित उघडं, पदर खाली आलेला. बायका उठवायला निघाल्या. गुरुजींनी मंत्र न थांबवता पाण्यातून हात वर करून त्यांना अडवलं.

"झोपू द्या माईला," कडूबा म्हणाले. "लई वर्षांची ऱ्हायलीय तिची."

पाऊस आला का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी नाही आला. अनुष्ठान पुरं झालं, आणि भानुमतीबाई उठेपर्यंत गाव देवळातच बसून राहिलं.

मित्रांनो, आता माझा पंखा शीळ घालतो आणि माझं एक बटण दाबूनही दबत नाही. माझ्यासारखी मशीन कुणाच्या घरी असेल तर तिचं पाणी रोज बदला, मास्क रोज पुसा, फिल्टर धुळीनं भरू देऊ नका. कुणी घोरत असेल तर हसू नका, जरा शेजारी बसून ऐका. घोरणं मध्येच थांबत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या. आणि त्याच्या शेजारी इतकी वर्षं कोण जागं आहे, तेही एकदा बघा.