धुण्याच्या दगडाखालचं पाणी

यंत्र बंद पडलं, की शिवाजी पेठेतल्या, वीजयंत्रं बसवणाऱ्या एका ऑफिसात कारण ठरलेलं असे : लोकांना वापरायची अक्कल नाही! तुमच्या-आमच्या ऑफिसात तरी वेगळं काय असतं म्हणा. चंदगडच्या एका वाडीत ओढ्यावर बसवलेलं छोटं वीजयंत्र ऐन चैत्रात थांबलं, तेव्हा ते बसवणारा इंजिनिअर अभिराम हेच म्हणाला.

"आधी जाऊन बघ," त्याच्या वरिष्ठ पद्मजा मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पंधरा दिवसांत सुरू झालं नाही, तर ते दुसऱ्या गावाला द्यावं लागेल."

वाडीत धोंडुबाई त्याची वाटच बघत होती. या विजेवर वाडीची छोटी गिरणी चालायची. सहा महिने तिच्या डोक्यावरचं नाचणीचं ओझं उतरलं होतं. आता दळणासाठी पुन्हा दुसऱ्या गावच्या गिरणीपर्यंतची पाच किलोमीटरची चढण नशिबी आली होती.

अभिरामने यंत्र तपासलं. ते ठणठणीत होतं. ओढाच आटला होता!

"सायेब, पाणी कवा मोजलासा?" धोंडुबाईने विचारलं.

"आषाढात."

"आषाढात माज्या चुलीतनं बी पाणी वाहतंय की! आमास्नी इचारायचं न्हाय व्हय?"

ती त्याला वळणाखाली घेऊन गेली. तिथे डोंगरातला एक झरा ओढ्याला मिळत होता, आणि काठाला बायकांचे धुण्याचे दगड होते, झिजून गुळगुळीत झालेले.

"माज्या सासूनं बी हितंच धुणं धुतलं. वैशाखात बी हितलं पाणी तुटत न्हाय."

अभिरामने तिचीच बादली धारेला लावली. एका सेकंदात काठोकाठ! खाली पन्नासेक फूट उतारही होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वेळा तो या वाडीत आला होता, आणि एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

"आक्का, चुकलो मी."

"ऱ्हाऊ दे. पर तुमचं यंत्र आमचं पाणी पिऊन टाकंल का?"

"नाही आक्का. चाक फिरवून पाणी परत ओढ्यातच सोडेल."

"मग दगडाच्या खालनं उचला. आमचं धुणं आडवू नगासा."

यंत्र धुण्याच्या दगडांच्या खाली हलवलं गेलं, आणि बाराव्या दिवशी गिरणी फिरली. पहिलं दळण धोंडुबाईचं होतं.

मंडळी, वाऱ्या-पाण्यातून वीज काढायला शास्त्र लागतंच. पण ज्यांच्या दारावरून ते पाणी जन्मभर वाहिलं, त्यांना विचारण्यात कमीपणा कसला? शिकलेल्या माणसाने एवढं तरी शिकावं!

अभिरामच्या तपासणीच्या फॉर्मवर आता 'पाणी कधी मोजले?' याखाली एक नवी ओळ आहे : 'कोणाला विचारले?' त्यापुढे त्याने पहिलं नाव लिहिलं, धोंडुबाई.