यादीतली शेवटची वस्ती

पडद्यावर इंग्रजीत दोन पर्याय होते. जुन्या सिस्टिमच्या शेजारी नवी बसवा, नाहीतर सगळं पुसून बसवा. शरणप्पांनी माउस दोन्हींवरून फिरवला, पण दाबला नाही.

"वरचंच दाबा, काका," लातूरहून विरूपाक्ष फोनवर म्हणाला. तिथल्या कार्यालयातले कॉम्प्युटर तोच बघायचा.

"जुनं जाणार न्हाई ना?"

"न्हाई. दोन्ही राहतेत. चालू करताना विचारतंय, कोणतं पाहिजे म्हणून."

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. उदगीरचा जिल्हा होणार, ही चर्चा दरवर्षीप्रमाणे यंदाही होती. शरणप्पांच्या उदगीरच्या टँकर कार्यालयात मात्र जिल्ह्याआधी नवी सिस्टिम आली. उद्यापासून गावांच्या टँकरच्या पाळ्या तिच्यातूनच लावायच्या होत्या. जुन्या यादीत शेवटच्या ओळीला दगडोबाची वस्ती होती. घरं सात. सरकारी कागदात ती कुठंच नव्हती. मागच्या दुष्काळात शरणप्पांनीच ती यादीत घातली होती. यादीची प्रत सकाळी पेनड्राइव्हवर काढून झाली, पण जुन्या प्रोग्रॅमशिवाय ती उघडेना. जुनं गेलं की वस्ती गेली.

त्यांनी वरचं दाबलं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. लाइट गेली तर यूपीएस जेमतेम वीस मिनिटं चालणार. ते पाणी प्यायलाही उठले नाहीत.

तासाभरानं दोन नावं एकाखाली एक उमटली. जुनं उघडलं. यादी जागच्या जागी होती. शरणप्पांना हायसं वाटलं. मग त्यांनी नवं उघडून एकेक गाव भरलं. शेवटच्या ओळीला ते घेईना. त्यांनी पुन्हा विरूपाक्षला फोन लावला.

"गावाचा सरकारी कोड टाका, काका."

"कोड न्हाई तिला."

"मग ते गाव धरत न्हाई. मी तरी काय करू?"

त्यांनी फोन ठेवला. वस्तीवरची गुणाबाई पहाटेपासून हंडे मांडून बसते, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि खालचं, जुनं नाव निवडलं. जुन्यातून पाळीची चिठ्ठी छापली, सही केली.

चालक गुंडप्पा चिठ्ठ्या न्यायला आला. "साहेब, ही जुनी हाय. चालती का?"

"सही माझी हाय. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

"आन् जून म्हैन्यात तुमी रिटायर झाल्यावर?"

चिठ्ठी परत घेऊन शरणप्पांनी मागच्या कोऱ्या बाजूला वस्तीचा रस्ता काढला, सात घरांची नावं लिहिली आणि ती गुंडप्पाच्या हातात दिली.

"हे टाकून देऊ नको," ते म्हणाले.