सेल्विनचा हिवाळा

मार्चमध्ये निनेतच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीत घालायचे जांभळे झगे शिवून घ्यायला अर्धं आंतिग्वा गाव तिच्याकडे येतं, आणि येतं तेही अगदी शेवटच्या घटकेला. अशाच धांदलीत शिकागोहून तिच्या भावाचा, सेल्विनचा, फोन आला. एकोणीस वर्षांनी त्याची तिथे राहायची कागदपत्रं झाली होती. आता तो मायदेशी येऊ शकत होता, आणि मुख्य म्हणजे परतही जाऊ शकत होता.

“पपांना सांग, या हिवाळ्यात येतो,” तो म्हणाला. “जुनी शहरं, पडकी देवळं, सगळं बघू. त्यांच्या अंगठ्यासकट!”

निरोप ऐकताच म्हातारा बाप कातारिनो खुर्चीतून ताडकन उठला. तरुणपणी तो तिकाल या प्राचीन शहराच्या खोदकामावर मजूर होता. तिथल्या एका देवळाच्या पायऱ्यांची डागडुजी करताना त्याने साहेबांची नजर चुकवून ओल्या चुन्यात आपला अंगठा दाबून ठेवला होता. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा, की ती सुरू झाली की लहानगा सेल्विन मुद्दाम जांभया द्यायचा. आता तोच पोर आपणहून अंगठा बघायला येतो म्हणत होता.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बापलेकीला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. काचबिंदू फार पुढे गेला होता. जे काही बघायचं असेल ते सहा-सात महिन्यांत बघून घ्यावं.

“सेल्विनला यातलं अवाक्षर कळता कामा नये,” घरी येताना कातारिनोने बजावलं. “बापाची कीव आली म्हणून यायला नको. हौसेनं येऊ दे. आणि हिवाळा काय लांब आहे? दोन महिन्यांवर तर आलाय.”

मग बेत आखणं सुरू झालं. झग्यांचे नमुने कापायच्या खाकी कागदावर कातारिनो सांगे आणि निनेत लिही. आधी इथलेच पडके मठ, कारण पाहुण्याला घरचं आधी दाखवायचं असतं. मग किरिग्वाचे उंच कोरीव दगड, मग फ्लोरेसच्या तळ्याकाठी दोन रात्री, आणि शेवटी तिकाल. बसच्या वेळा, कुठे खायचं, कुठल्या चढावर थांबून दम खायचा, सगळं त्याने लिहून घेतलं. पिशवीही भरली. रबरी बूट, रेनकोट, आणि तपकिरी टोपी.

मे महिन्यात हिवाळा लागला. इथे पाऊस म्हणजे हिवाळा आणि कोरडे दिवस म्हणजे उन्हाळा. डिसेंबरात दात वाजेनात का, तो उन्हाळाच. सरींवर सरी येऊन गेल्या, गल्लीचा ओढा झाला, पण सेल्विनचा पत्ता नव्हता.

“फोन करू का?” निनेतने जूनमध्ये विचारलं.

“खबरदार! आपण बोलावलं नव्हतं. तो म्हणाला होता.”

मोडेन पण वाकणार नाही, असला हा बाप. आणि निनेत त्याचीच लेक. जुलैत सेल्विनचा कामावरून घाईघाईत फोन आला. “पपांची तयारी झाली का गं?” त्याने विचारलं.

“तयारी कधीचीच झालीय,” ती फणकाऱ्याने म्हणाली.

“वा, छान!” म्हणून त्याने फोन ठेवला. निनेतने त्या दिवशी शिवणयंत्रावर दोन सुया मोडल्या.

सप्टेंबरात कातारिनोला सुईत दोरा दिसेना, ऑक्टोबरात सुई दिसेना. पाऊस थांबला तेव्हा त्याला फक्त उजेड आणि सावली कळत होती. एका सकाळी त्याने चाचपडत पिशवी पलंगाखाली ढकलली. “हिवाळा संपला,” एवढंच बोलला.

नोव्हेंबरच्या एक तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, गावभर पतंग उडत होते. जेवणं नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात फोन वाजला.

“तिकीट काढलं!” सेल्विन ओरडत होता. “पंधरा डिसेंबर! म्हणालो होतो ना, हिवाळ्यात येतो म्हणून?”

“हिवाळा संपला, सेल्विन.”

“वेडी आहेस का? अजून सुरू कुठे झालाय? इथे परवा पहिला बर्फ...” तो मध्येच थांबला. मग तो अगदी हळू म्हणाला, “निनेत, तुम्ही मेपासून वाट बघत होता?”

तिला रडू फुटलं. सहा महिने जपून ठेवलेला राग कुठल्या कुठे गेला, आणि त्या जागी तिला नुसती स्वतःची लाज वाटली. एक फोन, एक साधा प्रश्न, तेवढंच करायचं होतं. तिने बापाची ताकीद मोडली आणि डोळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

“मग आता तिकडे कशाला जायचं?” सेल्विनचा आवाज फाटला होता. “त्यांना काय दिसणार? मी येतो, आपण घरीच बसू.”

कातारिनोने हात पुढे केला. निनेतने फोन त्याच्या कानाला लावून दिला.

“एकोणीस वर्षांत हिवाळासुद्धा तिकडचा झाला रे तुझा,” तो म्हणाला.

“पपा, मला माफ करा.”

“गप. ऐक. अंगठा मी गोष्टीत रोज बघत होतो, तेव्हा तू जांभया देत होतास. आता तू बघ. खालून नववी पायरी, डाव्या अंगाला, कडेपासून वीतभर आत. पायऱ्या मोजायला मला डोळे लागत नाहीत. तुला सापडला, की माझा हात धरून तिथे ठेव. बसतो का बघू.”

त्याने फोन निनेतच्या हातात दिला. बाहेर पोरं पतंगामागे ओरडत पळत होती. मग त्याने पायाने पलंगाखालची पिशवी बाहेर ओढली.

“रबरी बूट काढ त्यातून,” तो निनेतला म्हणाला. “त्यांच्या जागी स्वेटर भर. त्याच्या हिवाळ्यात जायचंय.”