‘राहिलो’ म्हणायचं नाही

प्रफुल्ल पुण्याहून आला की काहीतरी नवं घेऊन येतो. मागच्या वेळी दाढी आणली होती, या वेळी पत्त्यांचा खेळ आणला.

मंडईचा दिवस होता. दिवाळी झाली की आमच्या एकोडीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणे. जेवणं व्हायची होती. आई चुलीपाशी, बाबा विहाराकडे गेलेले. तेवढी संधी साधून प्रफुल्लनं, माझ्या या धाकट्या भावानं, आम्हाला स्लॅबवर बोलावलं. आम्हाला म्हणजे मला, माझ्या नवऱ्याला म्हणजे अंकुशला आणि चुलतभाऊ बंटीला. वर चटई टाकलेली, पाच स्टीलचे ग्लास, कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणि पोत्याखाली झाकलेली रम. स्टीलचे ग्लास अशासाठी की बाबा अचानक वर आलेच तर आत काय आहे ते दिसू नये. बाबा पंचशील नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाच्या बाबतीत त्यांच्याकडे पोटच्या पोरालाही माफी नाही.

अंकुशही चटईवर बसला, आणि त्यानं बसायला नको होतं. त्याची दारू सुटून दहा महिने झाले होते. सुटून म्हणजे काय, नागपूरच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. रोज सकाळी मी ती माझ्या हातानं देते आणि तो माझ्यासमोर गिळतो. ही गोळी अंगात असताना दारू पोटात गेली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, हृदय बंदही पडू शकतं, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं. त्या दिवशीही सकाळी सातला दिली होती. आणि माझ्या माहेरी हे कोणालाच माहीत नव्हतं. “दारुड्याच्या गोळ्या खाते म्हणतीन मले,” असं म्हणून त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. लाखांदूरला मोटार वाइंडिंगचं एवढंसं दुकान, पण सासुरवाडीला आला की जावयाचा तोरा सुटत नाही. आणि मीही शहाणी, वचन देऊन बसले.

मी त्याला डोळ्यांनी ‘ऊठ’ म्हटलं. त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण तेवढ्यात प्रफुल्ल म्हणाला होता, “काय भाऊजी, भ्याले का?”

खेळ तसा सोपा. पत्ते पालथे गोल पसरायचे, मधोमध एक रिकामा ग्लास. आळीपाळीनं एकेक पत्ता उचलायचा. एक्का निघाला तर सगळ्यांनी आपापल्या ग्लासातून घोट घ्यायचा. दुर्री निघाली तर तुम्ही ज्याच्याकडे बोट दाखवाल त्यानं घ्यायचा. गुलाम ज्याला येईल त्यानं एक नियम करायचा, तो शेवटपर्यंत चालायचा. बादशा निघाला की मधल्या ग्लासात नुसती रम ओतायची, आणि चौथा बादशा ज्याच्या हाती लागेल त्यानं तो ग्लास एका दमात रिकामा करायचा. बाकी पत्ते आले तर सुटलात.

घोटांची मला भीती नव्हती. मी उघड उघड कोल्ड्रिंक घेत होते. अंकुशनंही रमची बाटली ग्लासावर नुसती तिरपी धरून, झाकण न उघडता, वरून कोल्ड्रिंक भरून घेतलं होतं. बंटीच्या बापालाही कळलं नसतं. पण मधला ग्लास चौघांच्या डोळ्यांदेखत भरत होता. तिथं हातचलाखी चालणार नव्हती.

पहिला बादशा बंटीला आला, दुसरा प्रफुल्लला. मग प्रफुल्लला गुलाम आला आणि त्याचे डोळे चमकले.

“‘राहिलो’ म्हणायचं नाही,” तो म्हणाला. “राहिला, राहिली, राहिले, काहीच नाही. जो म्हणेल त्यानं मधला ग्लास तिथल्या तिथे संपवायचा. ताई, तुलाही सूट नाही.”

पुण्यात ऑफिसातले लोक याच्या ‘येऊन राहिलो’ला हसतात, म्हणून साहेबांनी दोन वर्षांत ते घासून काढलं होतं. आता त्याचं उट्टं आमच्यावर. आमच्याकडे माणूस येत नसतो, येऊन राहिलेला असतो. आईच्या दुधाबरोबर घेतलेला शब्द तोंडातून काढायचा कसा?

“असा कोठी नियम रायते का बे?” बंटी म्हणाला. “मी तं ऐकूनच नाही राहिलो.”

प्रफुल्ल चटईवर लोळून हसला. बंटीनं शिव्या देत ग्लास रिकामा केला, डोळे पुसले आणि मग त्याला चेव चढला. आपण बुडालो तर दुसऱ्यालाही ओढायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. त्यानं अंकुशला धरलं.

“भाऊजी, दुकान कसं चालू हाये?”

“बरं हाये,” अंकुश म्हणाला.

“आन् आता दुकानात कोण बसून...?”

“कोणी नाही. बंद हाये.”

“धान कापलं का तुमच्याकडचं?”

अंकुशनं नुसती मान हलवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो एकेक शब्द चाचपून बोलत होता, अंधारात पायरी शोधावी तसा. मला बंटीच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. चिडले होते सगळ्यांवर, आणि सगळ्यांत जास्त अंकुशवर. ‘मी पीत नाही’ एवढे तीन शब्द, ते या माणसाच्या तोंडून निघत नव्हते.

तिसरा बादशा मला आला. रम मलाच ओतावी लागली. मी तळ झाकेल इतकी ओतली, तर प्रफुल्लनं माझ्या हातातून बाटली घेतली. “काय ताई, आजारी माणसाचं औषध आहे का?” म्हणाला आणि ग्लास अर्ध्याच्या वर भरला.

आता सहा पत्ते उरले होते आणि त्यातला एक बादशा. बंटीनं उचलला, सत्ती. मी उचलला. मला येऊ दे, मला येऊ दे, असं मनात म्हणत होते. चौकटची नव्वी निघाली. प्रफुल्लला दुर्री आली आणि त्यानं अंकुशकडे बोट दाखवलं. अंकुशनं कोल्ड्रिंकचा घोट घेतला, ओठ पुसले आणि हात पुढे केला. तीन पत्त्यांवरून त्याची बोटं फिरली. मधला उचलला.

इस्पिकचा बादशा.

“जवाईबापू गेले,” बंटी म्हणाला आणि टाळ्या वाजवायला लागला.

आता सांगेल, असं मला वाटलं. एवढा मूर्ख नाही तो. त्यानं पत्ता खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला चांगला कळला. ‘बोलू नको.’ आणि त्यानं ग्लास उचलला. अपमानापेक्षा मरण सोपं वाटावं, अशी कसली ही इज्जत? ओरडले असते तर वचन मोडलं असतं, गप्प बसले असते तर कुंकवाचा धनी गेला असता. ग्लास त्याच्या हनुवटीपर्यंत आला.

“खाली भात करपून राहिला,” मी म्हणाले.

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग प्रफुल्ल ओरडला, “ताई म्हणाली!”

“म्हणाले ना? मग आण तो ग्लास इकडं.”

“अगं, पण बादशा भाऊजींना...”

“त्यांच्या ओठाला लागला का अजून? नाही ना? तिथल्या तिथे संपवायचा, असं तूच म्हणाला. आता पलटतो का?”

अंकुशनं ग्लास घट्ट धरला होता. मी त्याची बोटं सोडवून तो घेतला आणि डोळे मिटून तोंडाला लावला. जन्मात कधी चव घेतली नव्हती. घशातून जाळ उतरला, नाकातून पाणी आलं, थोडी रम ओढणीवर सांडली. पण संपवला.

जिन्यावर पावलं वाजली. “जवाईबापू, चाला मंडईत, दंडारीचा खेळ सुरू होते आता,” म्हणत बाबा वर आले. प्रफुल्लनं बाटली पोत्याखाली सारली. मी खोकत होते, म्हणून बाबा सरळ माझ्याकडे आले, पाठीवर हात ठेवायला वाकले आणि वाकलेलेच थांबले.

“प्रतीक्षा, तू पेली?”

मी मान हलवली. खोटं काय बोलणार, वास येत होता. बाबांनी माझ्याकडे परत पाहिलं नाही. ते अंकुशकडे वळले. “तुमच्या घरी हेच शिकून राहिली का माही पोरगी?”

बंटीलाही हसू आलं नाही. अंकुशची मान खाली होती. आता हाही गप्प बसणार आणि मी बेवडी ठरणार, असं मला वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा तिरस्कार आला.

“तिनं माहा ग्लास पेला, बाबा,” तो म्हणाला. “मी पेलो असतो तं मेलो असतो. दहा महिने झाले, मी दारू सोडाच्या गोळ्या खाऊन राहिलो.”

प्रफुल्लच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “भाऊजी, मले काय मालूम...” म्हणाला आणि तिथंच अडखळला. बाबा अंकुशपुढे चटईवर बसले.

“मले काहून नाही सांगतलं?”

“लाज वाटली.”

“लाखांदूरच्या बस स्टँडवर पडून रायत होते, तवा नाही वाटली,” बाबा म्हणाले. “मले का मालूम नव्हतं? सबन मालूम होतं. आन् आता सोडून राहिले, तं लाज वाटते?”

प्रश्न अंकुशला होता. लागला मला. कारण त्यानं वचन मागितलं तेव्हा मी ते लगेच दिलं होतं, आणि ते त्याच्यासाठी दिलं नव्हतं. गोळीची लाज मलाही वाटत होती.