दोन देशांच्या मैत्रीसाठी लढलेला नारळ

मी एक जुना नारळ आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच ती गोष्ट आहे. दोन देशांचं भांडण मी माझ्या करवंटीवर झेललं आणि तुटायला आलेली मैत्री सांधली. त्या दुसऱ्या देशाचं नाव सांगणार नाही, असं दोन्ही सरकारांनी माझ्याकडून लिहून घेतलं आहे. तेव्हा नाव विचारू नका. मालवणच्या बंदरातून निघून दक्षिणेला जात राहिलात की एक बेट लागतं, एवढं पुरे.

मित्रांनो, माझा जन्म खाडीकाठच्या एका वाकड्या माडावर झाला. मुळं खाऱ्या पाण्यात, डोकं वाऱ्यात. अशा माडाचे नारळ आकाराने लहान राहतात, पण त्यांची करवंटी दगडासारखी होते. एका घोसात आम्ही अठरा भाऊ होतो. मे महिन्यातल्या एका वादळाने त्यातले अकरा एका दुपारी आपटून मारले. कुणी पायरीच्या दगडावर फुटला, कुणी विहिरीच्या काठावर. उरलेल्या सात जणांना पाडेल्याने वर चढून कोयत्याने तोडलं आणि एकेकाला खाली फेकलं. सहा तडकले. मी कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर आपटलो तर गडग्याचा चिरा निखळला. खाली तुळसा उभी होती. तिने मला उचललं, कानाशी धरून हलवलं, नखाने टिचकी मारली आणि बाकीच्यांपासून वेगळं ठेवलं.

ही तुळसा म्हणजे गावातल्या काथ्याच्या शेडची प्रमुख. अकरा बायकांचा गट. नारळाच्या सोडणापासून, म्हणजे वरच्या सालीपासून, दोरी वळायची, हे त्यांचं काम. तिने जमिनीत रोवलेल्या पहारीच्या टोकावर मला दाबलं आणि तीन झटक्यांत अंगावरची साल उतरवली. सोलून निघणं म्हणजे काय, ते माणसांना कळत नाही हे बरं आहे. ती साल पाण्यात कुजवली, कुटून कुटून तिची हाडं मोडली, उरलेल्या धाग्यांचा पीळ घालून सुंभ केला, आणि तो सुंभ जहाजात बसून त्या मित्रदेशात गेला. म्हणजे निम्मा मी कधीचाच परदेशी आहे.

त्या देशाची आणि आपली मैत्री सत्तर वर्षांची. तिथे समुद्रात नायलॉन टाकायला बंदी आहे, म्हणून होड्या, जाळी, छपरं, सगळं ते काथ्याच्या दोरीने बांधतात. दोरी आपण पाठवायची, दालचिनी आणि सुकवलेला मासा त्यांनी पाठवायचा. सणाला एकमेकांना मिठाई. मग एका वर्षी त्यांची एक बोट आपल्या हद्दीत पकडली गेली आणि आपल्या दोन त्यांच्या हद्दीत. कुणी कुणाचे खलाशी किती दिवस कोंडले, यावरून पत्रं जाऊ-येऊ लागली. पत्रांची भाषा गोड होती, पण दोरीची मागणी थांबली. शेडमधली यंत्रं बंद पडली. अकरातल्या पाच जणी काजूच्या कारखान्यात कामाला गेल्या. उरलेल्या सहा जणी रोज येऊन यंत्रांवरची धूळ पुसत आणि घरी जात.

माझं मात्र त्या काळात नाव झालं होतं. नारळी पौर्णिमेला आपल्याकडे जेटीवर नारळ लढवतात, ते तुम्हाला माहीत आहे. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने वरून हाणायचं. मग पाळी बदलायची. फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. तुळसाच्या मुठीत बसून मी दोन वर्षांत एकशे त्र्याहत्तर जणांची टाळकी फोडली. पाण्याच्या चिळकांड्या उडायच्या, करवंटीचे तुकडे लोकांच्या कपाळाला लागायचे, तुळसाची बोटं सोलून निघायची. फुटणारा नारळ शेवटी एक आवाज काढतो. तो ऐकून मला आनंद व्हायचा. आज त्याची थोडी लाज वाटते. थोडीच.

तर तिसऱ्या वर्षी, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सर्वेश शेडवर आला. हा जामसंड्याचा, जिल्ह्याच्या कचेरीत पाहुण्यांची व्यवस्था बघायचा. खिशाला ओळखपत्र, बोलणं कचेरीतलं.

"तुळसावहिनी, उद्या त्या देशाचे राजदूत येत आहेत. नवीन करार घेऊन. त्यांना जेटीवर नारळ लढवायचा आहे. त्यांच्यासमोर लढायला आम्ही तुमचं नाव दिलं आहे."

"बरां," तुळसा म्हणाली.

"मात्र आपण हरायचं आहे."

कोपऱ्यात नर्मदाकाकी बसली होती. गटातली सगळ्यात म्हातारी. तिने मान वर केली. "हरूक हय कोणाक येता रे? दुसरी बघ."

"काकी, वरून सूचना आहे. पाहुण्यांचा मान राखायचा."

"मान होयो तर शाल घाल तेका. नारळ कित्या फोडून घेतंस?"

सर्वेशने इकडेतिकडे पाहिलं, ओळखपत्र खिशात टाकलं आणि तो स्वतःच्या भाषेत आला. "वयनी, माझा ऐक. करारात दोरी आसा. दोन वर्सांची. साहेब खूश झालो तर उद्याच सही. नाय तर दोरी दुसऱ्या देशातसून येतली, आणि ह्या शेडीक दसऱ्याक कुलूप."

तुळसाने बंद यंत्रावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "माका हरूक येणा नाय, सर्वेशा."

"मगे आज शीक," तो म्हणाला आणि मोटरसायकलवर बसून गेला.

आता इथून पुढचं नीट ऐका, कारण हे फक्त मलाच माहीत आहे. रिया, तू नर्मदाकाकीची नात ना? मग तोंड मिट. माशी जाईल.

जेटीवर मंडप, दोन देशांचे झेंडे, बँड. एका टेबलावर कराराचे कागद, त्याच्या दोन बाजूंना दोन देशांचे सचिव. आणि राजदूत. साडेसहा फूट उंच, मनगट तुमच्या मांडीएवढं. त्याच्या देशातही नववर्षाला नारळ लढवतात, हे दिल्लीहून आलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आयोजकांनी दिलेला नारळ त्याने बाजूला ठेवला आणि एक मखमली पेटी उघडली. आत त्याचा स्वतःचा नारळ. काळा, गुळगुळीत, तोफेच्या गोळ्यासारखा. राजदूताचं सामान विमानतळावर कुणी उघडत नाही, म्हणून असलं हत्यार सुखरूप आलं.

पहिला वार त्याचा. तो असा बसला की सिंधुदुर्ग किल्ल्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. तुळसाची मूठ फरशीला टेकली, फरशी तडकली. मी तसाच. मग तुळसाने मला उचललं आणि त्याच्या मुठीवर आणलं. त्याच्या नारळाची शेंडी उडाली आणि दिल्लीच्या साहेबांच्या चष्म्याची एक काच फोडून आरपार गेली.

बँड थांबला. साहेब म्हणाले, काही हरकत नाही, आपण मित्र आहोत.

तिसऱ्या फटक्याला माझ्या अंगातून ठिणगी निघाली. राजदूताच्या सचिवाने कागद ओढला आणि आपल्या दोरीवरची जकात दुप्पट करून टाकली. चौथा फटका आमचा. आपल्या सचिवाने त्यांची दालचिनी बंदरात अडकवली. पाचव्याला त्यांनी आपले खलाशी कोंडले, सहाव्याला आपण त्यांच्या क्रिकेट संघाचा व्हिसा फाडला. मग दोन्ही सचिव टेबलावरून एकमेकांच्या अंगावर गेले. एकाने दुसऱ्याचा कान चावला. दुसऱ्याने त्याला टायने आवळलं. अंगरक्षकांचे हात कमरेला गेले. मासळीवाल्या बायकांनी टोपल्या उचलल्या आणि कुणाच्या बाजूने आहोत याचा विचार न करता जो समोर येईल त्याला टोपलीतल्या बांगड्यांनी झोडपायला घेतलं. खुर्च्या समुद्रात. बँडवाल्याच्या डोक्यात त्याचाच ढोल. सत्तर वर्षांची मैत्री, मित्रांनो, सहा फटक्यांत रक्तबंबाळ होऊन जेटीवर पडली होती. आणि मधोमध ती दोघं, तुळसा आणि राजदूत, कशाकडे न बघता एकमेकांना हाणत होती. तुळसाची बोटं सुजून काकडीएवढी झाली होती. रक्त माझ्या शेंडीवरून खाली ओघळत होतं.

सर्वेश टेबलाखालून ओरडत होता, "वयनी, हर गो, हर."

तुळसाने मला तोंडाजवळ घेतलं. हळूच म्हणाली, "माझ्यान जमणा नाय. तूच काय तां बघ."

काय वाटलं असेल मला? एकशे त्र्याहत्तर लढायांत ओरखडा नाही, आणि आता सगळ्या मालवणसमोर फुटायचं. पण मला त्या सहा जणी दिसल्या. धूळ पुसून घरी जाणाऱ्या. सातवा फटका येत असताना मी आतलं सगळं पाणी एका बाजूला गोळा केलं, अंग सैल सोडलं आणि स्वतःला आतून चीर पाडली. बारीक, केसाएवढी. एक थेंब बाहेर पडला.

पंचाने तो थेंब पाहिला आणि राजदूताचा हात वर केला. सचिवाने चावलेला कान सोडला. अंगरक्षकांनी एकमेकांचे कोट झटकले. सही तिथेच झाली, उलट्या पडलेल्या टेबलाच्या पाठीवर. नियमाने फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा, म्हणजे मी राजदूताचा झालो होतो. पण त्याने मला दोन्ही डोळ्यांना लावलं आणि तुळसाच्या हातात परत दिलं. म्हणाला, असा योद्धा ज्याच्या घरचा त्याच्याच घरी राहू दे. चीर पुढे भरून आली. चांगल्या जातीच्या नारळाची येते.

पंधरा दिवसांत शेडमधली यंत्रं फिरू लागली. काजूच्या कारखान्यात गेलेल्या पाचही जणी परत आल्या. दोरीची पहिली खेप भरली तेव्हा नर्मदाकाकीने ट्रकच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. त्या देशातून दालचिनी येते, मासा येतो, सणाला मिठाई येते. दोन्हीकडचे खलाशी घरी आहेत. कुणामुळे, ते तुम्हीच समजा.

आणि माझं काय झालं? तीन पौर्णिमा गेल्या. तुळसाने मला एकदाही जेटीवर नेलं नाही. ती स्वतःही जात नाही. गटातल्या बाकीच्या बायका नवी लुगडी नेसून नारळ लढवायला जातात, ही शेडमध्ये एकटी बसून दोरीची वेटोळी बांधते. लोक म्हणतात तुळसाचा हात गेला. मला वाटतं, मला परत दुखू नये म्हणून ती जात नसावी. मी इथे पडवीतल्या फळीवर असतो. आतलं पाणी आटलं, खोबऱ्याचा गोटा झाला. परवा कुणीतरी मला दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलं होतं. ज्याने दोन देश आपटू दिले नाहीत, त्याला दाराला.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याने तुमच्यासाठी मार खाल्ला त्याला अडगळीत टाकू नका. आठवड्यातून एकदा त्याच्यावरची धूळ पुसा. सणाला त्याला बाहेर काढा, हातात घ्या, चार लोकांना सांगा की हा त्या दिवशी जेटीवर होता आणि याने...

"पुरे झाल्यो तुझ्यो गजाली," मागून तुळसा म्हणाली.

ती शेडमधून कधी आली ते मला कळलं नाही. केसांत काथ्याचा भुसा अडकला होता. ती तुमच्याकडे वळली.

"पोरांनो, ह्यो त्या दिवशी जेटीवर इलोच नाय. ह्याका मी तांदळाच्या पिंपात पुरून ठेवलंय. मी बाजारातलो एक पोचट नारळ घेऊन गेलंय आणि पयल्याच फटक्यात हरलंय. अख्खा बंदर हसला. तो फुटको नारळ राजदूत घेऊन गेलो, आणि संध्याकाळी सही झाली."



"मगे ह्याका कित्या नेलंस नाय, काकी?" रियाने विचारलं. "फुटात म्हणान?"

"नाय गो," तुळसा म्हणाली. "ह्यो फुटलो नसतो, म्हणान."