मास्तरांच्या मानेवरचा डाग

व्हायोलिनच्या मास्तरांना नवं कुणी भेटलं की ते आधी कॉलर खाली ओढत. डाव्या जबड्याखाली नाण्याएवढा तांबूस डाग होता.

“रियाजाचा आहे,” ते सांगत. “वाद्य टेकून टेकून पडतो. मागून मिळत नाही.”

“कॉलर फाटेल हो एक दिवस,” आतून बायको म्हणे.

क्लासचा कायदा एकच. वार्षिक कार्यक्रमात एकट्यानं वाजवायचा मान, ज्याच्या मानेला डाग त्याला. शिंपीणबाई जीव ओतून वाजवायची, पण हनुवटीखाली स्वतः शिवलेली कापसाची गादी ठेवायची. मान धुतल्या तांदळासारखी. दरवर्षी मास्तर तिची मान बघत आणि म्हणत, “पुढच्या वर्षी पाहू.”

यंदा डाग घेऊन आला निजानंद. गत वाजवताना मध्येच डुलकी काढणारा म्हणून त्याला हे नाव पडलेलं. त्याच्या मानेवर लालबुंद गोल कडं बघून मास्तरांना गहिवरून आलं.

“झोपाळू म्हणून हिणवलं रे तुला! चोरून रियाज करत होतास, लबाडा?”

निजानंद मान खाजवत हसला. नाही म्हणायचाही त्याला आळसच होता. मास्तरांनी खणातली आपली जुनी मलमाची नळी त्याला दिली. “खाज सुटली की लाव. लाली झटक्यात उतरते.” मान निजानंदला जाहीर झाला. शिंपीणबाईनं वाद्य पेटीत ठेवलं. पेटीची कडी तेवढी जरा जोरात लागली.

दाराजवळच्या खुंटीवर एक टॉवेल असे. घामेजल्या माना सगळे त्यालाच पुसत. बघता बघता क्लासला डागांचा बहर आला. साथीला येणाऱ्या बासरीवाल्यालाही डाग उठला, तोही उजवीकडे.

“संगतीचा गुण!” मास्तर म्हणाले आणि सगळ्यांना मलम वाटलं.

मलमानं लाली उतरे, चार दिवसांनी दुप्पट पसरे. कडं मोडलं, कडा पुसल्या, मानेवर नकाशे उमटले. निजानंदच्या तर दोन्ही गालांवर लाल फुलपाखरू बसलं. मास्तर तरी कौतुकानं बघतच होते. मग एका सकाळी बायकोनं त्यांच्या नाकासमोर कोपर धरलं. कोपरावर डाग.

“अहो, मी काय कोपरानं वाजवते?”

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कोपर खरवडलं, निघालेला कोंडा काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकात डोकावल्या.

“नायटा आहे. साधा, घरोघरचा. काय लावत होता?”

मास्तरांनी नळी पुढे केली. बाईंनी कपाळाला हात लावला.

“यानं खाज थांबते, बुरशी नाही मरत. चोराला आपणच बुरखा शिवून दिलात! म्हणून तर ओळखू येईना. टॉवेल ज्याचा त्याला, आणि हे मलम बंद. आता तुमची मान बघू.”

मास्तरांनी कॉलर वर ओढली. आयुष्यात पहिल्यांदा.

“ही वेगळी आहे. ही रियाजाची.”

“मग घाबरता कशाला?” बायको म्हणाली.

पातं मानेवरून हळूच फिरलं. बाई काचेत बघत होत्या, आणि मास्तर बाईंकडे, परीक्षेचा निकाल लागावा तसे.

“इथंही तोच पाहुणा,” बाई म्हणाल्या. “फक्त मुरलेला.”

परतीच्या वाटेवर मास्तर कॉलर धरून चालले. बायकोला मात्र गाणं सुचलं होतं.

“मान मोठी मिरविली, मानेलाच सुटे खाज,
खाजवता खाजवता उतरला सारा साज...”

“पुरे गं. आता एकट्यानं वाजवायचं कुणी? माना बघून तर ठरवता यायचं नाही.”

“मला स्वयंपाकघरातून माना दिसतच नाहीत. पण शिंपीणबाई वाजवते ना, तेव्हा माझं दूध उतू जातं.”

मास्तर थबकले. “आणि मी वाजवतो तेव्हा?”

“तुम्ही हल्ली वाजवता कुठं?” ती हळूच म्हणाली. “मिरवता.”

मास्तर घरी न जाता शिंपीणबाईच्या दुकानात शिरले. गिऱ्हाइकं उभी होती. बाई तोंडात टाचण्या धरून एकाच्या खांद्याचं माप घेत होती.

“यंदा एकट्यानं तू वाजवायचंस,” मास्तर म्हणाले.

तिनं टाचण्या तळहातावर काढल्या. “माझ्या मानेला डाग नाही, मास्तर.”

मास्तरांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

“मला होता. तो नायटा निघाला.”

मापाला उभा राहिलेला माणूस फिस्सकन हसला. शिंपीणबाई मात्र हसली नाही. तिनं फीत गळ्यात टाकली, मास्तरांचा पडलेला चेहरा नीट न्याहाळला.

“साथीला कोण?”

“मी बसेन. मागं. घेतलंस तर.”

“हात गंजलाय तुमचा. रोज सकाळी यावं लागेल, दुकान उघडायच्या आधी. उशीर चालणार नाही.”

“हो, बाई,” मास्तर म्हणाले.